मोहाच्या फुलांपासून एमडीच्या पुडीपर्यंत

आजा ताडी प्यायचा, बापाने देशीच्या दुकानाची पायरी चढली आणि नातवाच्या खिशात आज एमडीची पुडी सापडते. महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांची तीन पिढ्यांची हकीकत एवढ्यात सांगून होते. अशा घराबद्दल बोलताना आपण बहुधा माणसाच्या स्वभावापाशी येऊन थांबतो. मनाचा कच्चा, संगत वाईट, घरात धाक राहिला नाही. हे सगळे खरे असेलही. पण तिघे सारखेच कच्चे असले, तरी तिघांच्या हातात वेगवेगळी वस्तू का आली? याचे उत्तर शोधायचे तर ती वस्तू कुणी बनवली, कितीला विकली, तिच्यावर कर कुणी घेतला आणि विकत घेणाऱ्याचा दिवस कसा जात होता, हे पाहावे लागते. गेल्या दीडशे वर्षांत महाराष्ट्रात नशेचा माल अनेकदा बदलला. दर वेळी त्याच्या आधी किंवा सोबत पैसा आणि काम यांची घडी बदललेली दिसते.

सुरुवात मोहापासून करू. सह्याद्रीच्या उतारावर आणि पूर्व विदर्भाच्या जंगलात मोहफूल हे आधी अन्न होते. वाळवून ठेवायचे, उकडून खायचे, आणि त्यातलेच काही सडवून दारू गाळायची. वारली, कातकरी, गोंड, माडिया यांच्या घरी ती लग्नात, मर्तिकात, देवाच्या कामात लागे. त्या काळी लोक कमी पीत होते, असे मला म्हणायचे नाही. पण पिण्याला हंगामाचा लगाम होता. फुले संपली की दारूही संपे, आणि तिच्यासाठी कुणाकडे कर्ज काढावे लागत नसे.

१८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने ही घडी मोडली. घरची भट्टी गुन्हा ठरली, ताडाच्या झाडावर कर बसला, दारू गाळण्याचे आणि विकण्याचे मक्ते दिले गेले. १८९२ मध्ये ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी आलेल्या कायद्याने मोहाची फुले बाळगण्यावर आणि त्यांच्या ने-आणीवरही बंधने घातली. आता आदिवासीला स्वतःच्या झाडाखालचे फूल वेचायची भीती आणि दुकानातली दारू विकत घ्यायची मुभा. रोख पैसा हाताशी नसलेल्या माणसाने दारू विकत घ्यायची म्हणजे उधारीवरच. ठाणे-सुरत पट्ट्यात अनेक ठिकाणी दारूचा मक्तेदार, सावकार आणि जमीनदार एकच असे. उधारीची वही वाढत जाई आणि शेवटी जमिनीवर येऊन थांबे. दारूने आदिवासींच्या जमिनी गेल्या असे आपण सर्रास म्हणतो. माझ्या मते जमिनी गेल्या त्या दारूच्या मक्त्याने, आणि हा फरक महत्त्वाचा आहे.

लोकांना तो तेव्हाच कळला होता. १९२२ साली ‘देवी’ची चळवळ पसरली. अंगात आलेली देवी दारू-ताडी सोडा, रोज अंघोळ करा असे सांगे. इतिहासकार डेव्हिड हार्डिमन यांनी या चळवळीचा माग काढला, तेव्हा तिचा उगम पालघरच्या किनाऱ्यावरच्या कोळी वस्त्यांपर्यंत मागे गेला. तिथून ती दक्षिण गुजरातच्या आदिवासी गावांत वणव्यासारखी गेली. दारू सोडण्याबरोबरच अनेक गावांनी मक्तेदार जमीनदारांच्या शेतावर राबायलाही नकार दिला. व्यसनमुक्ती आणि मजुराचा हक्क या दोन गोष्टी त्यांना वेगळ्या वाटल्याच नाहीत. त्याच्या चाळीसेक वर्षे आधी, १८८० मध्ये, पुणे नगरपालिकेचे सभासद असताना जोतीराव फुल्यांनी शहरात दारूच्या गुत्त्यांना परवानगी देण्यास लेखी विरोध केला होता. टिळकांच्या अनुयायांनी १९०८ मध्ये पुण्यातल्या दुकानांपुढे निरोधन केले. विचारांनी एवढी दूर असलेली माणसे एका मुद्द्यावर एकत्र दिसतात, कारण दारूचा पैसा कुठे जातो हे सगळ्यांना समोर दिसत होते.

मुंबईच्या गिरणगावातली गोष्ट निराळी. तिथे बारा-बारा तासांची पाळी, दहा बाय दहाच्या खोलीत पाळीपाळीने झोपणारे पुरुष आणि गावाकडे राहिलेली बायकामुले. कामगाराच्या हातात रोकड पगार होता आणि घर नव्हते. गुत्ता ही त्याची बसायची जागा झाली. पण या काळाची मला सर्वांत जास्त अस्वस्थ करणारी नोंद पुरुषांची नाही. गिरणीत काम करणाऱ्या आया तान्ह्या मुलांना अफूची ‘बाळगोळी’ देऊन कामावर जात. १९२० च्या दशकात कामगार स्त्रियांच्या पाहण्या झाल्या, त्यांत ही चाल सर्रास आढळली. पाळणाघर नाही, बाळंतपणाची रजा नाही, एक दिवस खाडा केला तर पगार कापला जातो, बदली बाई दारात उभीच आहे. अशा वेळी मूल दिवसभर झोपून राहणे ही आईच्या नोकरीची अट होती. त्या आयांना कुणी अफूबाज म्हणणार नाही. पुढे मातृत्व लाभाचा कायदा आला, गिरण्यांत पाळणाघरे आली, अफूवर निर्बंध आले आणि बाळगोळी हळूहळू मागे पडली.

स्वातंत्र्यानंतर मोरारजी देसाईंच्या पुढाकाराने मुंबई राज्यात दारूबंदी आली. १९४९ चा तो कायदा पुष्कळ दुरुस्त्यांसह आजही अमलात आहे आणि महाराष्ट्रात दारू प्यायला कागदोपत्री परवाना लागतो. बंदीने मुंबईत एक नवा घरगुती उद्योग उभा केला: हातभट्टी. काळा गूळ, नवसागर, सडवलेली फळे, आणि ‘पहिल्या धारेची’ मिळते म्हणून ठरलेल्या खोपटापुढे रांग. धारावी, माटुंगा, अँटॉप हिलच्या झोपड्यांत या धंद्यावर टोळ्या पोसल्या गेल्या. वरदराजन मुदलियारचे साम्राज्य त्यावरच उभे होते. विकणाऱ्यांत मोठ्या संख्येने बायका होत्या, विशेषतः विधवा आणि नवऱ्याने टाकलेल्या, कारण भांडवल थोडे लागे आणि घर सोडून जावे लागत नसे. साठच्या दशकात बंदी सैल होत गेली. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला परवान्याची देशी दारू दुकानांत आली, तरी हातभट्टी संपली नाही, कारण ती देशीपेक्षाही स्वस्त पडते. डिसेंबर २००४ मध्ये विक्रोळीत आणि जून २०१५ मध्ये मालवणीत विषारी दारूने माणसे मेली. मालवणीत तर शंभराहून अधिक. मेलेल्यांत बहुतेक हातावर पोट असलेले. दारूत मिथेनॉल मिसळणारे पकडले गेले, हे योग्यच झाले. पण कष्टाचा दिवस संपल्यावर वीस-पंचवीस रुपयांत डोळे मिटण्याची सोय शोधणारा माणूस त्या खोपटापुढे का उभा होता, याचा तपास झाला नाही.

मग १९८२ आले. १८ जानेवारीला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. तो संप रीतसर कधी मिटलाच नाही. याच सुमारास जगाच्या दुसऱ्या टोकाला घडलेल्या गोष्टी मुंबईच्या गल्लीत उतरल्या. १९७९ मध्ये इराणमध्ये क्रांती झाली, वर्षाखेरीस सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या, अफूच्या जुन्या वाटा बंद पडून नव्या उघडल्या आणि मुंबई त्या वाटेवरचे बंदर ठरले. ब्राऊन शुगर, म्हणजे आपल्याकडची ‘गर्द’, शहरात मुबलक आणि सुरुवातीला स्वस्त मिळू लागली. चांदीच्या पन्नीवर पूड ठेवायची, खालून काडी पेटवायची, धूर नळीने ओढायचा. सुई नको, वास नाही, घरात कुणाला पत्ता लागत नाही.

गर्दने केवळ संपकऱ्यांच्या मुलांना गाठले असे नाही. चांगल्या कॉलेजातली, सुखवस्तू घरातली मुलेही त्यात गेली, आणि मध्यमवर्ग हादरला तो त्यामुळेच. अनिल अवचटांनी त्या वेळी या विषयावर लेखन केले, ते ‘गर्द’ या पुस्तकात आले. त्यातून आणि डॉ. अनिता अवचटांच्या पुढाकारातून २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात ‘मुक्तांगण’ उभे राहिले, त्याला पु. ल. आणि सुनीताबाई देशपांड्यांनी आर्थिक पाठबळ दिले. पण उपचारापर्यंत पोहोचण्याची वाट दोन्ही घरांना सारखी नव्हती. श्रीमंताघरच्या मुलाला परत यायला घर होते, वर्ष वाया गेले तरी पुन्हा कॉलेज होते. लालबाग-परळच्या पोराचा बाप घरी बसलेला, आईने खानावळीचे डबे सुरू केलेले, आणि ज्या गिरणीत त्याला चिकटायचे होते तिच्या फाटकाला कुलूप. नशा सुटली तरी पुढे काय, याचे उत्तर त्याच्यापाशी नव्हते. काहींना ते टोळ्यांनी दिले.

१९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने गांजा, चरस, अफू आणि हेरॉइन एकाच कठोर चौकटीत आणले. शिक्षेची जोखीम वाढली की विकणारा कमी जागेत जास्त किंमत मावणाऱ्या मालाकडे वळतो, असे काही अभ्यासकांचे म्हणणे आहे. देशाचे आकडे या म्हणण्याशी जुळतात: २००४ च्या राष्ट्रीय पाहणीत अफूचे सेवन हेरॉइनपेक्षा जास्त होते, २०१९ च्या पाहणीत हेरॉइन पुढे गेले. म्हातारे अफूकर गेले आणि त्यांच्या जागी तरुण आले ते थेट तीव्र मालावर.

आपण दारू आणि ड्रग्ज यांवर इतके बोलतो की महाराष्ट्राचे सर्वांत मोठे व्यसन नजरेआड होते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत राज्यातले १३.९ टक्के पुरुष दारू पीत असल्याचे आढळले, तर २०१६-१७ च्या तंबाखू पाहणीत राज्यातली २६.६ टक्के प्रौढ माणसे तंबाखूचे सेवन करत होती. त्यांतही धूम्रपान चार टक्क्यांच्या आत, बाकी सगळी खायची, चघळायची, लावायची. हे असे का, ते शेतात किंवा बांधकामावर अर्धा दिवस उभे राहिले की कळते. तंबाखू भूक मारते. दोन्ही हात मोकळे राहतात, मुकादम ओरडत नाही, आणि चुना मळायला लागणारी दोन मिनिटे हीच काय ती विश्रांती. बायकांच्या वाट्याला मिश्री आली. तव्यावर तंबाखू काळी होईतो भाजायची, चुरायची आणि दात घासायच्या निमित्ताने दिवसातून चारदा लावायची. बाईने बिडी ओढली तर गाव नावे ठेवील, मिश्रीला कुणी व्यसन म्हणत नाही.

पूर्व विदर्भातला खर्रा तर पाहण्यासारखा असतो. पानठेल्यावर सुपारीचा चुरा, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या कागदात घ्यायचा आणि फळीवर जोर लावून घोटायचा, इतका की चुन्याचा ओलसर पांढरेपणा सुपारीत जिरून जातो. मग छोटी पुडी बांधून दोरा गुंडाळायचा. पाहुण्याला पाण्याआधी खर्रा विचारतात. रोवणीला बाया बोलवायच्या तर मजुरीबरोबर खर्ऱ्याचाही हिशेब धरावा लागतो. शाळेतली पोरे आठवी-नववीतच त्याला लागतात आणि तिशीत तोंड उघडेनासे होते.

गुटख्याने या जुन्या सवयीला कारखान्याचे रूप दिले. रुपया-दोन रुपयांची पुडी, खेड्यातल्या शेवटच्या टपरीपर्यंत पोहोचणारी. २००२ मध्ये राज्याने गुटखाबंदी केली, २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात ती टिकली नाही, २०१२ मध्ये अन्न सुरक्षा कायद्याखाली पुन्हा आली आणि दरवर्षी तिची मुदत वाढते. सीमेपलीकडून माल येतच राहतो, हे उघड गुपित आहे. तरी बंदी फोल गेली असे मी म्हणणार नाही. २००९-१० मध्ये राज्यात तंबाखू वापरणारे ३१.४ टक्के होते, ते सात वर्षांत जवळजवळ पाच टक्क्यांनी उतरले. दुकानाच्या दर्शनी भागातून माळा गेल्या, किंमत वाढली, याचा परिणाम होतो. पुरवठा आवळल्याने काहीच होत नाही हा युक्तिवाद विक्रेत्यांना सोयीचा असतो.

दारूच्या बाबतीत मात्र सरकार स्वतःच एक पक्षकार आहे. राज्यघटनेचे ४७ वे कलम शासनाला मद्यनिषेधाकडे जायला सांगते आणि अर्थसंकल्प दरवर्षी उत्पादन शुल्काकडे बघतो. देशी दारू ज्या मळीपासून होते ती साखर कारखान्यांतून येते, आणि महाराष्ट्राचे सहकारी राजकारण त्याच कारखान्यांभोवती उभे राहिले. ऊसतोडीसाठी बीड-धाराशिवकडून निघालेल्या जोडप्याला मुकादमाकडून ‘उचल’ मिळते. सहा महिने फडावर पाचटाच्या कोपीत काढायचे. त्यात नवऱ्याची दारू त्याच उचलीतून वळती होते. ऊस तोडणारा, साखरेची मळी आणि फडाजवळचे दुकान हे एकाच साखळीचे दुवे आहेत, पण सरकारी कागदांत ते कामगार, सहकार आणि उत्पादन शुल्क अशा तीन खात्यांत वाटले गेले आहेत. शुल्काची निकड इतकी, की ४ मे २०२० ला करोनाच्या टाळेबंदीतच दारूची दुकाने उघडली, रांगा इतक्या लागल्या की मुंबईत दुसऱ्या दिवशी ती बंद करावी लागली, आणि पंधरवड्याच्या आत घरपोच विक्री सुरू झाली. जून २०२५ मध्ये शुल्क मोठ्या प्रमाणात वाढवण्यात आले आणि धान्यापासून बनणाऱ्या ‘महाराष्ट्र मेड लिकर’ या नव्या वर्गाला मान्यता मिळाली. किंमत वाढवणे आरोग्याच्या दृष्टीने चांगलेच. त्याच निर्णयात नवा स्वस्त पर्याय उघडणे चांगले नाही.

शेतकरी आत्महत्यांच्या चौकशीतही दारू अशीच सोयीने येते. मृत्यूचे कारण ‘व्यसनाधीनता’ नोंदले गेले की प्रकरण मदतीसाठी अपात्र ठरवणे सोपे जाते. पीक गेले, बँकेने नाही म्हटले, सावकार दारात आला आणि माणूस पिऊ लागला, हा क्रम कागदावर उलटा लावला जातो. दारू कर्जातून आली की कर्ज दारूतून आले, हे प्रत्येक घरात वेगळे असेल. पण मदत नाकारण्यासाठी एकच बाजू उचलणे हा अन्याय आहे.

वर्ध्यात १९७५ पासून, गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात ती १ एप्रिल २०१५ ला लागू झाली आणि २०२१ मध्ये उठली. तिन्ही जिल्ह्यांचा अनुभव एकसारखा नाही. चंद्रपूर हा कोळसा खाणी, सिमेंट आणि कागद कारखान्यांचा जिल्हा. रोकड पगार, बाहेरून आलेले एकटे पुरुष, रात्रपाळ्या. तिथे बंदीमागे श्रमिक एल्गारच्या पारोमिता गोस्वामी आणि हजारो गरीब बायका होत्या, पण उपचाराची सोय आणि अंमलबजावणीचा पोलिसी कणा दोन्ही तोकडे पडले आणि चोरटी विक्री फोफावली. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ने गावागावांत समित्या बांधल्या, २०१६ पासून व्यसनविरोधी ‘मुक्तिपथ’ मोहिमेची जोड मिळाली. चोरून विक्री तिथेही आहे. पण गावाने एकत्र येऊन सडवा ओतून दिल्याची बातमी तिथून येत राहते. कायदा गावाच्या हाती किती आहे, यावर त्याची धार ठरते असे मला या तुलनेतून दिसते.

उरलेल्या महाराष्ट्रात बायकांच्या हाती आहे ती मतपेटी. गावातल्या एक चतुर्थांश महिला मतदारांनी सह्या करून मागणी केली की गुप्त मतदान होते. कागदावर दोन चित्रे असतात: उभी बाटली आणि आडवी बाटली. अक्षर न येणारी आजीही शिक्का मारू शकते. पण दुकान बंद व्हायला मतदान केलेल्यांपैकी निम्म्या पुरत नाहीत, यादीतल्या एकूण महिलांपैकी निम्म्याहून अधिकांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारावा लागतो. ऊसतोडीला, वीटभट्टीवर किंवा पुण्या-मुंबईला धुण्याभांड्यांच्या कामाला गेलेल्या बाईचे नाव यादीत असते आणि ती नसणे म्हणजे उभ्या बाटलीला मत. ज्या गावांतून सर्वांत जास्त स्थलांतर होते, तिथल्या बायकांची लढाई त्यामुळे सर्वांत अवघड होते. आमदार निवडताना आपण हा निकष लावत नाही.

गेल्या वीस-पंचवीस वर्षांत नशेचा नकाशा पुन्हा हलला. मालेगावच्या यंत्रमागांवर आणि मोहल्ल्यांत ‘कुत्ता गोली’ या नावाने झोपेची गोळी मिळू लागली. अल्प्राझोलम, दारूपेक्षा स्वस्त, तोंडाला वास नाही. रेल्वेच्या फलाटांवरची मुले रुमालावर व्हाइटनर किंवा पंक्चरचे सोल्यूशन ओढतात, भूक आणि थंडी दोन्ही बधिर होतात. गिरण्यांच्या जमिनीवर १९९१ नंतर कार्यालये, मॉल आणि पब उभे राहिले. डिसेंबर २०१७ मध्ये कमला मिलच्या आवारातल्या पबमध्ये लागलेल्या आगीत चौदा माणसे गेली.  

एमडी, म्हणजे मेफेड्रोन, हा या काळाचा खास माल. तो शेतात पिकत नाही. त्याला रसायनशास्त्र येणारा माणूस, रिॲक्टर आणि बंद किंवा डबघाईला आलेला कारखाना लागतो, आणि हे तिन्ही आपल्या एमआयडीसींत आहे. २०१५ च्या सुरुवातीला तो अमली पदार्थांच्या यादीत आला. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी दौंडजवळच्या कुरकुंभच्या कारखान्यापर्यंत माग काढत सतराशे किलोहून अधिक मेफेड्रोन पकडले. पुढच्या वर्षी तुळजापूरसारख्या देवस्थानाच्या गावात एमडीचे प्रकरण उघड झाले. स्पर्धा परीक्षेची पाच-पाच वर्षे तयारी करणारी, लग्न न जुळणारी, शेतीत मन नसलेली मोठी तरुण फळी आज तालुक्या-तालुक्यांत रिकामी आहे. हातात मोबाइल आहे, गाडी आहे, काम नाही. विकणाऱ्यांना यापेक्षा चांगली बाजारपेठ कुठे मिळणार?

एक खुलासा इथे करायलाच हवा. बेकारी आली की व्यसन आले, इतके हे सरळ नाही. गिरणी संपात उद्ध्वस्त झालेल्या लाखो घरांतली बहुसंख्य मुले गर्दला लागली नाहीत. सोव्हिएत संघ कोसळल्यावर रशियन पुरुषांचे सरासरी आयुर्मान चार वर्षांत सुमारे सहा वर्षांनी घटले आणि त्यात व्होडकाचा मोठा हात होता. अमेरिकेत ॲन केस आणि अँगस डीटन यांनी कमी शिकलेल्या गोऱ्या मध्यमवयीनांच्या मृत्यूंची वाढ दाखवली, ती वेदनाशामक गोळ्यांच्या सुळसुळाटासोबत आली. दोन्हीकडे हताशा होती आणि माल मुबलक, स्वस्त होता. दोन्ही जुळले तेव्हा आग लागली. म्हणून नुसते रोजगाराचे बोलणे आणि नुसते छाप्यांचे बोलणे, दोन्ही अर्धवट आहेत. आणि परिस्थितीकडे बोट दाखवून नवऱ्याच्या मारहाणीला माफी देता येत नाही. मार खाणाऱ्या बाईची परिस्थिती त्याच्याहून वाईट असते आणि तिने बाटली उचललेली नसते. ज्या बायका उचलतात, त्यांना उपचाराला आणणे सर्वांत कठीण जाते, कारण घर ते लपवते.

२०१९ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार देशात ५.७ कोटी लोकांना दारूच्या त्रासासाठी मदतीची गरज आहे. दारूवर पुरत्या अवलंबून असलेल्या ३८ जणांमागे एकाने कसलेतरी उपचार घेतले होते, आणि दाखल होऊन घेणारा १८० मध्ये एक. महाराष्ट्रात व्यसनमुक्ती केंद्र म्हणजे बहुतेकांसाठी दूरच्या शहरातली, महिनाभराची, पैसे भरायची जागा. रोजंदारीवरच्या माणसाने महिनाभर घर कुणाच्या भरवशावर सोडायचे? गोव्यात ‘संगत’ या संस्थेने दुसरी वाट तपासली. डॉक्टर नसलेल्या, प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक समुपदेशकांनी प्राथमिक आरोग्य केंद्रातच जास्त पिणाऱ्या पुरुषांशी मोजक्या बैठकांत बोलायचे. २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या निष्कर्षांत त्याचा फायदा स्पष्ट दिसला, आणि खर्चही परवडणारा होता. महाराष्ट्रातल्या प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात असा एक माणूस नेमायला उत्पादन शुल्काच्या वार्षिक उत्पन्नाचा किरकोळ हिस्सा पुरेल. ऊसतोडीच्या हंगामात त्याने फडावर जायला हवे, मालेगावात यंत्रमागाची पाळी सुटताना बसायला हवे, गडचिरोलीत खर्ऱ्यावरही बोलायला हवे. अर्थसंकल्पात या पदासाठी अजून वेगळी ओळ नाही.